मूठभर तुरीची डाळ

जिल्ह्यातल्या तमाम विहिरी, बोअर आणि हातपंप यांना अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, त्यांची परीक्षा घेणारे आचारी यंदाच्या पोळ्यानंतर वारले. सर्वांनी एक मिनिट शांत राहावे. गळक्या नळांनीसुद्धा.

ही घोषणा खरं तर मी भोंग्यावरून करायला हवी होती, कारण माझा धंदाच तो. नालवाडीत माझं मंडप-भोंग्याचं दुकान आहे. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून लग्नं उरकली. मी पुढे लोकांचे कान फोडायचो, ते मागे लोकांच्या डोळ्यांत धूर घालायचे. पुतणीच्या पुस्तकात प्रदूषणाचे चार प्रकार दिले आहेत: हवा, ध्वनी, जमीन आणि पाणी. पहिले दोन आम्हीच सांभाळत होतो. तिसरा वऱ्हाडी करायचे, थर्माकोलच्या पत्रावळी शेताच्या धुऱ्यावर फेकून. उरलं पाणी.

लग्नाच्या आचाऱ्याला आमच्याकडे महाराज म्हणतात, तसे तेही महाराज. काम घेण्याआधी ते सदऱ्याच्या खिशातून मूठभर तुरीची डाळ काढत. तीन विटांची चूल, लहानसा गंज म्हणजे पातेलं, यजमानाच्या विहिरीचं पाणी. चहा आणि दोन पानं होईस्तोवर डाळ शिजून मोडली तर काम पक्कं. नाहीतर गंज उपडा.

"मी नाई म्हनत भाऊ, पानी नाई म्हनून राह्यलं."

पवनारकडच्या एका यजमानाने हुज्जत घातली, "महाराज, बोअर मारून महिनाच झाला. नवं पानी वाईट कसं राहीन?"

"नवरदेव बी नवाच राह्यते," महाराज म्हणाले. "म्हनून काय पाहाचं नाई?"

डाळच जुनी असेल, असं मी एकदा म्हणालो. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "तुह्या भोंग्यानं तुहेच कान गेले होते. आता अक्कल बी गेली."

पोरीसाठी स्थळ पाहायला ते अल्लीपूरला गेले, तेव्हा मी सोबत होतो. लोक शेती पाहतात, नोकरी पाहतात. महाराजांनी खिशातून डाळ काढली. त्या घरच्या मंडळींना वाटलं, यांच्याकडची रीत असेल. त्यांनी गंजाला हळदकुंकू लावलं, दोन बायांनी ओवाळलं. डाळ लोण्यासारखी मोडली. महाराजांनी नवरदेवाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. परतताना बसमध्ये म्हणाले, "पोरगा बी बराच असन."

लग्न मात्र त्यांच्या स्वतःच्या गावात होतं, आणि तिथेच घोडं अडलं. गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना आला होता. नाल्याला कधी निळं पाणी यायचं, कधी गुलाबी. म्हशी सकाळी काळ्या जायच्या आणि संध्याकाळी गुलाबी परतायच्या. गावाची विहीर त्या नाल्यापासून वीस पावलांवर. पण गावातली निम्मी पोरं कारखान्यात कामाला, आणि पाणी नासलं हे एकदा बाहेर गेलं की त्या गावात मुली कोण देणार? म्हणून विहिरीबद्दल कोणी बोलत नसे. म्हशींबद्दलही.

आदल्या दिवशी महाराजांनी त्या विहिरीच्या पाण्यात डाळ लावली. दोन चहा झाले, चार पानं झाली, डाळ गंजात छर्‍र्‍यांसारखी वाजतच राहिली. त्यांनी टँकर सांगितला.

लग्नाच्या दिवशी टँकर मांडवाशी लागला आणि सरपंच आले.

"महाराज, गावची विहीर सोडून टँकर? सोयऱ्यांसमोर गावाचं नाक कापता? हे पानी परत पाठवा, नाई तं गावातला एक मानूस पंगतीले बसनार नाई!"

मी माइक बंद केला. पोरीच्या लग्नात गाव जेवलं नाही, हा डाग आमच्याकडे कोणत्याच पाण्याने धुतला जात नाही. दुसऱ्याच्या मांडवात महाराज वाघ होते, इथे ते पोरीचे बाप होते. सगळ्यांना वाटलं, हात जोडतील.

त्यांनी मांडवाच्या दारात दोन चुली पेटवल्या. एका गंजात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात टँकरचं. डाळ एकाच पोत्यातली. मला म्हणाले, "भोंगा बंदच ठेव. दाळ आयकू दे."

वऱ्हाडी, गावकरी, भटजी, बँडवाले, सगळे गोल करून उभे राहिले. मुहूर्त टळला, कोणाच्या लक्षात आलं नाही. टँकरच्या पाण्यातली डाळ मोडली. महाराजांनी दुसऱ्या गंजातला दाणा काढून सरपंचांच्या तळहातावर ठेवला. सरपंचांनी तो दाताखाली धरला. 'कट्ट' असा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, माइकशिवाय.

"जाळ कमी पडला," सरपंच म्हणाले.

महाराज चुलीपाशीच बसले होते. डोळ्यांना पाणी येत होतं, पण लाकडं ओली होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"माह्या मायनं याच विहिरीचं पानी भरलं," ते म्हणाले. "ते वाईट हाय म्हनून सांगाले मले का मजा येते?"

 पंगतीला बसायचं की घरी जायचं, म्हणून सगळं गाव सरपंचांच्या तोंडाकडे पाहत होतं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सरपंचांच्या बायकोने पदर सावरला आणि ती बोलून गेली:

"अवो, बसा ना जेवाले! आपल्या घरची दाळ तं मी दोन महिन्यांपासून विकतच्या क्यानच्या पान्यातच शिजवून राह्यली!"