माझे तिखट कान मोलगीला नेले, त्याची हकिगत

खरं तर मोलगीला मी गेलोच नाही, माझी पेटी गेली. पेटी म्हणजे आमच्या साउंड सर्व्हिसचा सगळ्यात मोठा स्पीकर. तिच्यामागे गाडी गेली आणि गाडी चालवायला कोणी नव्हतं म्हणून मी.

शहाद्यात माझं साउंडचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या मांडवात वायरी धरून सुरुवात केली, आता माझ्या वायरी दुसरे धरतात. वरात रस्त्यावरून गेली की कोणत्या स्पीकरचा पडदा फाटलाय ते मी घरात जेवता जेवता सांगतो. बायको म्हणते, हे ऐकू येतं, मात्र मी दळण आणायला सांगते तेवढं येत नाही.

माझी भाची माधवी नाशिकला असते. स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, कंपनी-बिंपनी मागे नाही. तीन वर्षं खपून तिने नऊ गाण्यांचा अल्बम केला. चार अहिराणी, बाकी सातपुड्यातल्या गाण्यांवर बेतलेली. शेवटचं गाणं मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरच्या रुमलीबाईंच्या लग्नगीताभोवती बांधलंय आणि अल्बमला नावही त्याच गाण्याचं. माधवीने शब्द दिला होता की रुमलीबाई आणि पाड्यावरच्या बायका ऐकून हो म्हणाल्याशिवाय गाणं बाहेर काढणार नाही.

ते रेकॉर्डिंग माझ्या दुकानात सफाईला आलं, तेव्हा मी कान पणाला लावले. मागच्या बायकांचा गलका काढला, हसणं काढलं, खोकला काढला, कोंबडाही काढला. राहिला फक्त रुमलीबाईंचा आवाज, धुतलेल्या काचेसारखा.

माधवी म्हणाली, "मामा, जरा ओकंबोकं वाटतंय."

"त्यालाच क्लीन म्हणतात," मी म्हणालो. मामापुढे ती काय बोलणार?

एप्रिलमध्ये ते गाणं पाड्यावर ऐकवायला आम्ही दोघं सकाळीच निघालो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, पुढे देवगोईचा घाट आणि मोलगी. स्वतःची गाडी नसेल तर अक्कलकुव्यापर्यंत एसटी आणि तिथून जीप मिळते, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली असं जीपवाल्याला कधीच वाटत नाही. डिझेल अक्कलकुव्यातच भरा, रोख पैसेही तिथेच काढा. स्टँडजवळ फाफडा गरम मिळतो. मी दोन प्लेटा खाल्ल्या, माधवीने तोंड वाकडं करून एक.

चहावाल्याने गाडीतल्या पेटीकडे बघून विचारलं, "भाऊ, लगीन कोठे शे?"

"लगीन नही. गाना ऐकाडाले जाई ऱ्हायनू."

"कोनले?"

"धा-बारा बायासले."

त्याने पेटी पाहिली, मला पाहिलं. "मंग मोबाईल नही शे का तुमनाकडे?"

अडाणी आहे, असं मनात म्हणून मी गाडीत बसलो.

घाट मात्र बघण्यासारखा. डोंगर वाळून तांबूस झालेले, मध्येच एखादं हिरवंगार आंब्याचं झाड. दर वळणाला पेटी मागून दणका देई आणि माधवी म्हणे, "मामा, तिला उतरायचंय." शहाद्यात जन्म गेला, दुबई बघून आलो, पण हा घाट पहिल्यांदा चढत होतो. रस्ता खराब आहे असं ऐकून डोंगरातली ऑर्डर कधी घेतलीच नव्हती. रस्ता आमच्या गल्लीपेक्षा बरा निघाला.

पाड्यावर पोचलो तेव्हा अंगणात बायका आमचुरासाठी कैऱ्या चिरत बसल्या होत्या. खडकावर, खाटेवर, छपरावर, जिकडे तिकडे फोडी वाळत घातलेल्या. चार जणांनी मिळून पेटी उतरवली. मी ऐटीत वायर सोडली आणि रुमलीबाईंच्या सुनेला, सुनीताला, विचारलं, "ताई, प्लग कुठे आहे?"

"प्लग आहे दादा. लाईट परवापासून नाही."

आयुष्यभर साउंडचा धंदा करणारा माणूस जनरेटर घरी ठेवून आला होता. शेवटी माधवीने मोबाईल एका स्टीलच्या पातेल्यात ठेवला आणि गाणं लावलं. आवाज चांगला घुमला. अक्कलकुव्याचा चहावाला आठवला. तोवर एका म्हातारीने पेटीवर फडकं अंथरून कैरीच्या फोडी पसरल्याही होत्या.

बायकांचे हात थांबले. गाणं संपलं. मग रुमलीबाई भिली बोलीत काहीतरी म्हणाल्या. सुनीता आश्रमशाळेत शिकलेली, तिने मराठीत सांगितलं.

"आई म्हणते, आवाज माझाच आहे. पण मी एकटी का बसलेय? बाकीच्या मेल्या का?"

मग सुनीता स्वतःच समजावू लागली.

"लग्नाचं गाणं आहे दादा. नवरीकडच्या बायका टोमणा मारतात, नवऱ्याकडच्या उलटून देतात. उत्तरच नाही यात. एकटी बाई अशी टोमणे मारत बसली तर लोक म्हणतील डोकं फिरलं." रुमलीबाई पुन्हा काही बोलल्या. सुनीताचा आवाज खाली आला. "नाही म्हणते. हे बाहेर द्यायचं नाही."

ज्याला मी गलका म्हणून काढलं होतं ते अर्धं गाणं होतं. मूळ रेकॉर्डिंगमध्येही त्या बायका लांब, माइक एकच, तोही रुमलीबाईंजवळ; म्हणजे जुनं परत लावूनही भागणार नव्हतं. माधवीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोबाईल पातेल्यातून काढला, ओढणीने पुसला आणि म्हणाली, "बरं. मग हे गाणं नाही. अल्बमही नाही." वाईट वाटलं की ती अशी थोडक्यात बोलते, लहानपणापासून.

"सफाई मी केली," मी म्हणालो. "तिने नाही."

सुनीताने ते सगळ्यांना सांगितलं. डझनभर बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या, हातात विळे घेऊन. मग रुमलीबाई हसल्या. सकाळी समोरून उत्तर देणाऱ्या बायकांची ओळही बोलावते, म्हणाल्या, पुन्हा गाऊ. अट एकच, मामाने काही काढायचं नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. मी लाज विसरून चार भाकऱ्या खाल्ल्या. मुक्काम त्यांच्याच ओसरीवर.

सकाळी बायका समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहिल्या. अडचण अशी की टोमणे मारायला नवऱ्याकडचा कोणीतरी पाहिजे. सगळ्यांनी मिळून मला पेटीवर बसवलं. माधवीचा छोटा रेकॉर्डर बॅटरीवरचा होता, तोच कामाला आला. इकडून ओळ गेली, तिकडून परत आली, मध्ये हशा, मध्ये कोंबडा. माझ्या तिखट कानांनी दोनच शब्द पकडले, "मामा" आणि "पेटी".

"काय म्हणतात?" मी मोठ्याने विचारलं.

"चांगलंच म्हणतात दादा," सुनीता तोंडाला पदर लावून म्हणाली.

पातेल्यातल्या मोबाईलवर नवं रेकॉर्डिंग ऐकून रुमलीबाईंनी मान डोलावली. "आता सगळ्या आहेत," सुनीताने सांगितलं. माधवी घाट उतरेपर्यंत तेच गुणगुणत होती.

अल्बम बाहेर आला. पेटीला अजून आमचुराचा वास येतो, आणि परवा एका वरातीत ढोल वाजला तशी जाळीतून वाळकी फोड उडून नवरदेवाच्या पायाशी पडली.

गेल्या आठवड्यात मोलगीकडचा एक जण माइक दुरुस्तीला आला. दुकानात रुमलीबाईंचं गाणं चालू होतं. तो हसायला लागला, थांबेना.

"सांग की लेका."

"राग नका मानू मामा. त्या म्हणतात, नवऱ्याकडून मामा आला, भली मोठी पेटी घेऊन आला, उघडून बघितली तर आत आवाजच नाही."

बायको आतून चहा घेऊन येत होती, तिथेच थांबली. आधी पोटभर हसली, मग माझी दया आली असावी. "मंग ते काढी टाका ना."

मी आवाज थोडा वाढवला. "नही," म्हणालो, "रुमलीबाईनी अट शे."