चालू दुकान, बंद नाव

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले बी नाही. आता तुम्हाले सांगून राह्यलो, तं पहा — किती आडवळणं घेतो मी.

जळगाव जामोदात माहं वेबसाईट बनवायचं दुकान होतं. मोबाईलवर कोणी "फवारणी पंप" शोधला, का माह्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात वर आलं पाहिजे — हेच काम. लोकं हासत. "दुकान समोर दिसते ना बे, मोबाईलात काय पाह्याचं?" पण दिवस पालटले होते. वरवट बकालचा माणूस बसभाड्याचाही विचार करे; आधी पोरीले मोबाईल पाहाले लावे, मंग घरातून पाय काढे. मोबाईलात नाही तं तुम्ही बजारातच नाही, हे मी साऱ्यायले छाती ठोकून सांगायचो.

सगळ्यात आधी सांगतलं सलीमचाचाले. बसस्टँडमागं पंप दुरुस्त करायचे. माह्या बापाचा पंप त्यायनंच जिता ठेवला. मी शिकत होतो, हात बसावा म्हणून त्यायचं दुकान फुकटात मोबाईलातल्या नकाशावर चढवलं. फोटो काढला, शेतकऱ्यायच्या तोंडचे शब्द टाकले. लोकायनं बी भरभरून चांगलं लिहिलं. चाचा पहिल्या नंबरवर जाऊन बसले.

मंग बाळूभाऊ आले. नव्या पंपायचं मोठं दुकान, माहं पहिलं पैसेवालं गिऱ्हाईक. म्हणाले, कपाशीच्या फवारणीआधी मले पहिला नंबर पाहिजे. मी हो म्हणलं — कोणत्या तोंडानं? असं काम सावकाश होते, पिकासारखं. सारं करून पाहिलं. चाचा काही हलेनात. मीच तं बसवलं होतं त्यायले तिथं!

आता सांगतो. कसं सांगू? — माहा मोबाईल घेतला, मित्रायचे मागून आणले, आणि एकेकावरून नकाशावाल्या कंपनीले कळवलं का चाचाचं दुकान कायमचं बंद झालं. थोड्याच दिवसात चाचाच्या नावाखाली लाल अक्षरं आली. कायमचं बंद. चाचा तिकडं शटर उघडून बसलेले.

फवारणीभर बाळूभाऊकडं गर्दी होती. वॉशर बदलून ज्यायचं भागलं असतं, ते नवा पंप घेऊन गेले. आणि त्याच साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. वावरंच्या वावरं गेली.

चाचा माह्याकडं आले. "बेटा, काऊन कोणी येऊन नाही राह्यलं रे? तुह्या मोबाईलात पाह्य ना जरा."

मी मोबाईल उघडला. पाहिलं. आणि म्हणलं, "चाचा, लोकं कपाशी उपटून राह्यले. पंप दुरुस्त करून करतील काय? साऱ्यायचं असंच हाय."

हाव म्हणाले. माह्यावर भरोसा होता ना! उलट मलेच म्हणाले, तुह्यं बी मंदंच असेल, चल, चहा माह्याकडून. मी तो चहा पेलो. अख्खा तालुका अळीच्या नावानं रडत होता, त्यात माहं पाप कोण वेगळं काढणार?

ते खोडणं माह्याच हाती होतं. उद्या करू, उद्या करू म्हणत राह्यलो. मंग एक दिवस चाचानं पाने-पकडी पोत्यात भरल्या आणि ते लेकीकडं मेहकरले गेले.

ऐकलं तसा मी पळत बसस्टँडमागं गेलो. शटरले कुलूप होतं. तिथंच उभं राहून मोबाईल काढला, ते खोडाले — आणि खोडलं नाही. आता ते खरं होतं.