काच आणि क्लच

बांगडी फुटली असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. निलंग्याच्या बांगडीवाल्या अख्तरीबीला मात्र हा शब्द वापरायची वेळ क्वचितच यायची. ती हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा गोळा असा काही चेपायची की बाईला गुंगीच यावी. डोळे उघडावेत तर मनगटावर हिरव्या बांगड्या किणकिणत असायच्या. साबण नाही, प्लास्टिकची पिशवी नाही. खरं सांगायचं तर मी बांगड्यांपेक्षा त्या गुंगीसाठीच तिच्याकडं जायची.

तिचा नवरा तय्यब तिला मोटरसायकलवरून आठवडी बाजारांना न्यायचा. मग शुगरनं त्याचे डोळे अधू केले. रस्ता दिसे, रस्त्यावरचं दिसेना. गाडी अंगणात उभी राहिली आणि तिच्या शेजारी तय्यब बसून राहिला. शेजाऱ्यांनी सल्ले दिले: गाडी विका, एसटीनं जा, या वयात बाईनं कशाला नाद करावा. सल्ल्याला काय, पेट्रोल थोडंच लागतं! अख्तरीबीनं ओढणी कमरेला खोचली, उन्हाळाभर मोकळ्या मैदानात गाडी घुमवली आणि लायसन काढून मोकळी झाली.

कॅरिअरला बांगड्यांची पेटी, मधे तय्यब, पुढं अख्तरीबी, अशी वरात औरादच्या बाजाराला निघू लागली. तय्यब स्वतः चालवायचा तेव्हा मूठ कधी आवळत नव्हता. पण डोळ्यांपुढं धुकं आल्यापासून त्याला सगळा रस्ता खड्ड्यांचाच वाटे. घरातल्या दखनीत तो मागून सारखा बजावायचा, "पिछू काच हय, घट पकड." तीही खुळी, मूठ जितकी घट्ट तितकी पेटीतली काच सुखरूप, असं धरून चालली. खड्डा आला की आवळ, ट्रक आला की आवळ. काच जणू कॅरिअरला नाही, तिच्या मुठीतच होती.

बाजारात पोचेपर्यंत बोटं वाकडी ती वाकडीच. डाव्या हाताचा अंगठा क्लचनं ठणकायचा, उजवं मनगट रेस पिळून सुजायचं. सकाळी उठल्यावर चहाचा कप धरवेना. आणि एके दिवशी माझ्याच हातावर बांगडी वाढली. रक्ताचा एक थेंब आला, बाकी काही नाही. पण तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझाच जीव कळवळला.

"बोटं लाकडं झाल्यात, ताई," ती म्हणाली. "तुमचा हात धरलाय का दगूड, ते बी कळून नाही राहिलं मला."

मिठाचं गरम पाणी झालं, मलम झालं. मिस्त्रीनं क्लचची वायर बदलून तो लोण्यासारखा मऊ केला, तरी दुखणं जागच्या जागी. बाजारात बायका कुजबुजू लागल्या, अख्तरीबीचा हात गेला. मला त्या बायकांचा असा राग आला! पण तिच्याकडच्या बांगड्या वाढत होत्या हेही खरंच होतं.

अशात औरादजवळच्या खेड्यातून बसम्माचं बोलावणं आलं. नात शिवलीलाचं लग्न होतं, चुडा भरायचा होता. बसम्माचा स्वतःचा चुडा अख्तरीबीच्या सासूनं भरला होता, लेकीचा अख्तरीबीनं. नवरीच्या हातावर काच वाढणं म्हणजे अपशकुन, मांडवातल्या बाया जन्मभर विसरत नाहीत. अख्तरीबीनं मनाशी ठरवून टाकलं: आज एक जरी वाढली तर गाडी विकायची. हात गमावून गाडी ठेवायची कशाला? पण गाडी गेली की तय्यब पुन्हा अंगणात बसणार, दिवसभर, भिंतीकडं तोंड करून. हे तिनं त्याला सांगितलं नाही.

ओसरीवर शिवलीला समोर बसली. बाया गोल करून बघायला. अख्तरीबीनं हात घेतला तर पोरीची मूठ भीतीनं आवळलेली, मनगटाच्या शिरा वर आलेल्या. पहिली बांगडी सांध्यावरच अडली. बसम्मा श्वास रोखून बघत होती.

अख्तरीबीच्या तोंडून सवयीनं निघालं, आधी कानडीत, मग मराठीत. "कै सडल बिडव्वा. हात ढिला सोड बाई. तू आवळशील तर काच वाढंल. ढिला सोडला की ती आपसूक जाती."

आणि ती थांबली. हे आपण कुणाला सांगून राहिलो? कर्नाटकच्या सरहद्दीवरच्या गावोगावच्या बायांना तिनं हेच सांगितलं होतं, आणि स्वतः मात्र रोज सकाळी मूठ आवळून निघत होती. तिला हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं. तिनं खांदे सोडले, कोपरं सोडली, मग बोटं. कळ थोडी राहिली, पण बोटांखाली पोरीचा हात पुन्हा लागू लागला, उबदार, घाबरलेला. शिवलीलाचेही डोळे मिटत आले. बांगड्या एकामागून एक मनगटावर उतरल्या, शेवटची बसली तेव्हा बसम्मानं कानशिलावर बोटं मोडली.

परतीच्या वाटेवर ऊन उतरत होतं. दोन्ही अंगाला करडई पिवळी फुललेली. अख्तरीबीनं मूठ नुसती ठेवल्यासारखी ठेवली, कोपरं वाकवली, टाकी गुडघ्यांनी धरली. खड्डा आला. गाडी जराशी हलली, सावरली, पेटीत काच नुसती किणकिणली. रस्ता पाण्यासारखा अंगाखालून जात राहिला. करडईकडं आपण आज पहिल्यांदाच पाहतोय, असं तिला वाटलं.

मागून आवाज आला नाही. पुढचा खड्डा गेला, तरी नाही. हा रागावला की काय, असं तिच्या मनात येतं तोच पाठीवर काहीतरी जड टेकलं. तय्यबचं डोकं होतं ते. दमलेल्या लेकरासारखा तो गाढ झोपला होता. याच रस्त्यानं, याच गाडीवर, बाजार करून दमलेली ती वर्षानुवर्षं त्याच्या पाठीवर अशीच झोपत आली होती. तो कधी तिच्या पाठीवर झोपेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

हे सगळं तिनंच मला सांगितलं, माझा हात हातात घेऊन, बांगड्या भरता भरता. ऐकताना मला अर्धी गुंगी आली होती. ती सांगत होती, निलंगा आलं, घराची गल्ली आली. गाडी थांबवली तर तो जागा होईल. तिनं ती गल्लीत वळवलीच नाही, लातूरच्या रस्त्यानं तशीच हळूहळू पुढं नेली.