न वाजणारा डबा

१९४९. जानेवारीतला दुसरा रविवार, उपासनेनंतर. नामपल्लीच्या आमच्या चर्चमागची पत्र्याची शेड.

हजर: पाळकसाहेब. खजिनदार अण्णा, पोस्टातून निवृत्त. मिसबाई, समुद्रापलीकडून आलेल्या आणि आमच्यात उभी हयात घालवलेल्या. पेज शिजवणाऱ्या मावशी. चिटणीस म्हणून मी.

'नक्की येतो' म्हणून न आलेले: अकरा. त्यांचीही यादी मी केली होती, पण पाळकसाहेबांनी ती इतिवृत्तात घेऊ दिली नाही. म्हणून इथे नोंदवते.

विषय एकच होता. दर शनिवारी आमची मंडळी मोठ्या दवाखान्यात पेज नेत असे. खेड्यापाड्यांतून आलेले, शहरात ज्यांचं कोणीही नाही असे रोगी तिथे पडलेले असत, त्यांच्यासाठी. शिजवायच्या मावशी, न्यायचो आम्ही. पगार कोणालाच नव्हता. धान्याचा खर्च मात्र मिसबाईंच्या गावच्या बायका तिकडून पाठवत. आता ईस्टरनंतर मिसबाई कायमच्या परत चालल्या होत्या.

"माझ्या गावच्या स्त्रियांचे पत्र आले आहे," मिसबाई म्हणाल्या. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. आमच्या तोंडी असलेलं हैदराबादी 'हौ' नि 'नक्को' त्यांना कधी शिवलं नाही. "त्या म्हणतात, तुमचा देश आता स्वतंत्र झाला आहे. तेव्हा ही सेवाही तुम्हीच चालवावी."

"घ्या!" अण्णा म्हणाले. "हैदराबादेत स्वातंत्र्य वर्षभर उशिरा आलं, आणि आल्या आल्या थेट पातेल्यात उतरलं."

पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "ईस्टरपर्यंत तीस घरांनी दर आठवड्याला काही देण्याचं मनावर घेतलं, आणि दिलं, तर चालू ठेवू. नाहीतर बंद करू. रोग्यांना आशा लावून मधेच हात काढून घेणं मला जमणार नाही."

मावशींचा नवरा त्याच दवाखान्यात वारला होता. त्या तेव्हा गावाकडे होत्या. निरोप पोचून त्या येईपर्यंत पाच दिवस त्याच्या खाटेपाशी कोणी फिरकलं नव्हतं. नंतर त्या चर्चच्या आवारातल्या खोलीत राहायला आल्या आणि पेज सुरू झाली. त्या म्हणाल्या, "शनिवारी माणसं दाराकडं बघत असतात, साहेब. पातेलं दिसलं की उठून बसतात." एवढंच बोलून त्या राख घेऊन पातेलं घासायला लागल्या. ते आधीच घासलेलं होतं.

मी घरी जाऊन कागदावर एक ते तीस आकडे घातले.

पुढच्या रविवारी व्यासपीठावरून विनंती झाली. सगळ्यांनी 'हो' म्हटलं. आमच्या मंडळीत 'हो'चा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच असतो. मग पैशाचा विचार झाला, आणि पैसा कुठला द्यायचा यावरून वाद जुंपला. तेव्हा निजामाचा हाली रुपया नि हिंदुस्थानचा कलदार रुपया दोन्ही चालत होते. हालीची किंमत कमी, म्हणून देवाला हाली आणि किराणा दुकानदाराला कलदार अशी पुष्कळांची वाटणी ठरलेली होती. अण्णा म्हणाले, "दोन्ही रुपये एका थैलीत घेणार नाही. मी पोस्टात होतो, सराफ नव्हतो."

सगळ्यांना वाटेवर आणलं ते मावशींनीच. "आमच्या गावात चूल पेटवली की आधी एक मूठ बाजूला काढायच्या बाया. देवाची मूठ. मूठ हाली नसते नि कलदारही नसते."

मी कोठी भागातल्या भंगारवाल्याकडून वनस्पती तुपाचे लहान रिकामे डबे आणले. सात मुठींत डबा काठोकाठ भरतो हे घरी करून पाहिलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवली: 'रोज एक मूठ तांदूळ किंवा ज्वारी. शनिवारी सकाळी न्यायला येऊ.' एकोणतीस घरांनी डबे ठेवून घेतले.

पहिल्या शनिवारी मी स्वतः गौलीगुडा मोहल्ल्यापासून घरोघर फिरत आले. एका घरी डब्यात तळाला चिमण्यांपुरतं धान्य. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आम्ही रोज धाकटीच्या हातानं टाकतो. लहानपणापासून दानाची सवय लागावी म्हणून." धाकटी तीन वर्षांची होती. मी चिठ्ठीत 'मोठ्या माणसाची मूठ' असं वाढवलं. दुसऱ्या घरी कणी होती, खड्यांसकट. तिसऱ्या घरी "कोणी नाही" असं आतूनच सांगण्यात आलं.

रेशनचे दिवस होते, मला कळत होतं. तरी मनात आलं की ज्यांच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा भात वाढतात त्यांच्या डब्यात मुठी पडायला हरकत नव्हती.

असे तीन शनिवार गेले. मावशींच्या पेजेत पाणी वाढत गेलं. चौथ्या शनिवारी कोठीतल्या एका बाईंनी मला दारातच थांबवलं. डबा दिला नाही, आधी विचारलं, "गौलीगुड्याच्या त्या टीचरबाईंनी किती भरला हो? आणि त्यांनी खिडकीला नवे पडदे लावलेत म्हणे?"

मी घरी परत येईपर्यंत सगळी योजना डोक्यात तयार होती. दान कशानं टिकतं याचा मी उगाच शोध करत होते. ते दारात उभं होतं आणि पडद्यांची चौकशी करत होतं.

शेजारपाजारच्या घरांच्या क्रमानं नवी यादी केली. नियम सोपा: प्रत्येक घरानं यादीत आपल्या खालच्या घरी जायचं, त्यांचा डबा उचलायचा आणि शेडमध्ये पोचता करायचा. आपला डबा आपण आणायचा नाही.

पाळकसाहेबांनी यादी दोनदा वाचली. "बाई, दान गुप्त असावं."

"डब्याला झाकण आहे, साहेब."

"लोक हलवून बघतील."

"हलवू देत. भरलेला डबा वाजत नाही. अर्धा असला तरच वाजतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. हे ते हसू आवरायचं असलं की करत. म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही."

त्या शनिवारी आमची मंडळी हातात डबे घेऊन कोठीतून निघाली आणि सगळा रस्ता खळ्‌खळ वाजायला लागला. एका टांगेवाल्यानं घोडा थांबवून विचारलं, "क्या बाई, मदारी का खेल है क्या?" टीचरबाईंचा डबा दुसऱ्याच बाईंच्या हातात वाजत होता आणि मागून येणाऱ्या टीचरबाई तो ऐकत होत्या. पुढच्या शनिवारी तो वाजला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी निम्मे डबे मुके झाले. खिडक्यांचे पडदे, चुलीवरची आमटी, कोणाकडे कोण पाहुणे आले, हे सगळं ताजं ताजं शेडमध्ये पोचत होतं. 'घरी कोणी नाही' हे उत्तर तर बंदच झालं, कारण विचारायला येणारी व्यक्ती शेजारीच राहत असे.

लबाडीही झाली, नाही असं नाही. अण्णांचा डबा पहिल्यापासून बिलकुल वाजत नसे. मावशींनी तो परातीत उपडा केला तर वर तीन मुठी ज्वारी आणि खाली घडी घातलेलं जाड फडकं.

"हे काय, अण्णा?"

"पोस्टातली सवय," अण्णा न डगमगता म्हणाले. "पार्सल वाजू नये म्हणून आत भरण घालावं लागतं."

मावशींनी फडकं ठेवून घेतलं. गरम पातेलं उतरवायला त्या अजून तेच वापरतात, आणि अण्णा दिसले की जरा उंच धरतात.

ईस्टर तीन आठवड्यांवर आलं. घरं एकोणतीस. तिसावं कुठून आणायचं ते कळेना. त्यातच एका शनिवारी डबे रिकामे करता करता मावशी सहज म्हणाल्या, "चिटणीसबाई, सगळ्यांचे डबे कोण ना कोण आणतंय. तुमचा तुम्हीच आणता. तो कोण हलवतं?"

सगळे माझ्या डब्याकडे वळले. उदाहरण घालून द्यावं म्हणून मी यादीत स्वतःला पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं. पहिल्याच्या वर कोणी नसतं. दुसरीचा डबा मी आणायचे. माझा आणायला मी कोणाला नेमलंच नव्हतं. ही चूक मुद्दाम केली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ती लक्षात आल्यावर दुरुस्तही केली नव्हती.

अण्णांनी माझा डबा उचलला, कानाशी नेला आणि सावकाश हलवला. खळ्ळ. खळ्ळ.

"यादी करण्याच्या नादात..." मी म्हणाले.

"फडकं देऊ का, बाई?" अण्णांनी विचारलं.

त्या दिवशी रिकामा डबा घेऊन घरी आले तर समोरच्या वकिलीणबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीतलं. देवघर मोठं, आवाज त्याहून मोठा. महिनाभर त्या आमची वरात बघत होत्या. "काय वाजवत फिरता हो तुम्ही लोक?"

मी सगळं सांगितलं, माझ्या डब्यासकट. सांगायचं नव्हतं, पण सकाळी नेताना त्याचा आवाज त्यांना ऐकू गेलाच होता.

त्या पोटभर हसल्या. मग विचारलं, "पेज देताना रोग्याला काही म्हणायला लावता? सरळ सांगा. घरात वकील आहे, उलटतपासणी होणार."

"नाही. मावशी प्रार्थना करतात, पण मनातल्या मनात. तोंड पळ्या मोजण्यात गुंतलेलं असतं."

"मग चालेल. आमचा शिधा त्या डब्यात घाला. शिधा काढायला आम्हाला कोणी शिकवायला नक्को. मी पण माझ्या देवाचं नाव मनातल्या मनात घेईन." आणि लगेच, "पण एक अट. माझा डबा कोणी हलवायचा नाही. तुमचा मी हलवणार."

मी त्यांना यादीच्या तळाशी लिहिलं, तीस. एकोणतिसावे अण्णा त्यांचा डबा आणणार आणि त्या माझा. सरळ रेघ होती तिचं कडं झालं. यादी पाळकसाहेबांपुढे ठेवली. ते शेवटच्या ओळीवर थांबले. मावशींचा हात परातीतल्या ज्वारीत तसाच राहिला.

"मी तीस घरं म्हणालो होतो," पाळकसाहेब शेवटी म्हणाले. "कुठली ते म्हणालो नव्हतो. आणि खाटेवरचा माणूस तरी कुठे विचारतो?" त्यांनी सही केली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि ज्वारीचा भुसा गेला म्हणून सांगितलं.

पुढच्या शनिवारी सकाळी वकिलीणबाई माझ्या दारात आल्या. डबा उचलला, भर गल्लीत, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना ऐकू जाईल असा हलवला. आवाज आला नाही. त्या जराशा निराश दिसल्या. त्यांचा डबा अण्णांनी काठोकाठ भरलेला लोटा न्यावा तसा दोन्ही हातांत धरून नेला. ईस्टरनंतर मिसबाईंना निरोप द्यायला आम्ही नामपल्ली स्टेशनवर गेलो, तेव्हा गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून विचारलं, "आणि चिटणीसबाईंचा डबा?" म्हणजे ही बातमीही त्यांच्यापर्यंत पोचलीच होती.

हे सगळं सात वर्षांमागचं. पेज अजून चालू आहे. घरं बदलली, काही गेली, काही आली. यादी मी दर जानेवारीला नव्यानं करते. वकिलीणबाई मात्र सातही वर्षं तळालाच राहिल्या, आणि एकही शनिवार त्यांनी डबा हलवल्यावाचून उचलला नाही. आता हैदराबाद राज्याचे भाषावार तुकडे होणार म्हणतात. त्यांच्या मुलाचं ऑफिस औरंगाबादला हललं आणि गेल्या आठवड्यात सगळं घर गेलं. जाताना माझा डबा हलवून गेल्या. "सवय मोडू नका," म्हणाल्या.

तिसाव्या ओळीवर आता पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे. समोरच्या घरात नवे भाडेकरू आलेत, तेलुगू बोलतात. अजून ओळख झालेली नाही. उद्या शनिवार. आज सकाळी मी माझा डबा उचलून हलवून पाहिला. वाजतो आहे.