खुळखुळी

निघताना आई दारापर्यंत आली. म्हणाली, "बोट विष्णूचीच निघाली तर सुपारी घेऊन ये. नदीत सोडीन म्हणते. दुसरं काय आहे आपल्याकडे त्याचं?"

विष्णू माझा थोरला भाऊ. महायुद्धाच्या काळात आम्ही दोघं खडकीला लष्करासाठी लाकडी मोटरबोटी बांधायचो. त्याची एक खोड होती. बोटीच्या नाकातली पोकळी फळीने बंद करताना, साहेबाची नजर चुकवून तो आत एक सुपारी टाकायचा. आम्ही सुतार; घराच्या कामात आमचे वडील ठेवायचे तशी. पुढे त्याला ब्रह्मदेशात धाडलं आणि तो आलाच नाही. तार आली, पण अस्थी नाहीत, राख नाही. आईने त्याच्या नावाची आंघोळ केली नाही. काहीतरी हाती येऊ दे, म्हणाली.

युद्धानंतर उरलेल्या बोटी लिलावात गेल्या. त्या शोधत हिंडायचं, ओळखायच्या, दुरुस्त करून द्यायच्या, हेच मी करत आलो. लोकांना वाटतं मला लाकडाचं वेड आहे. एकदा कोपरगावचा एक ट्रकवाला सहज बोलून गेला, की त्यांच्याकडे नदीवर एक जुनी लष्करी नाव आहे, तिला खुळखुळी म्हणतात. नाव ऐकलं आणि मला राहवेना.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता तो. नगर सोडल्यापासून एस.टी.च्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसंच माणसं. कोपरगावचा हिरवागार ऊस ऐकून होतो. तोही बराचसा करपलेला. तिथून नदीकाठच्या गावापर्यंत पायी गेलो. गंगा (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात) म्हणजे नुसती वाळू आणि मधे एक हिरवट डोह. वाळूत बोट, आणि बोटीत एक म्हातारा उघडाबंब बसून खुशाल आंघोळ करत होता!

"पावनं, आंगूळ करायची तर तुमी बी ह्यातच बसा," शेजारी उभा असलेला नावाडी किसन भोई म्हणाला. "लाकूड वाळलं की फळ्या फाकत्यात. प्यायाला पानी न्हाई, मंग नावंला कुटलं? म्हनून समदं गाव हितं (इथं) येऊन आंगूळ करतं."

मी हसत हसत बोटीत बसलो. तांब्याभर पाणी अंगावर घेतलं, ते फळ्यांवर ओघळताना पाहिलं. लष्कराने भंगारात काढलेल्या लाकडावर इतकी माया कोणी केलेली मी पाहिली नव्हती.

किसनची बायको तान्हाबाई हिने मिलोची (सरकारी लाल ज्वारीची) भाकरी आणि ठेचा वाढला. भाकरी चिवट होती. तिनेच दोनदा माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोट दुरुस्त करून देतो म्हणालो आणि सकाळी रंग खरवडला. निळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली लष्कराचा मातकट हिरवा. फळ्यांचे दोन थर, आतल्या तिरप्या, बाहेरच्या सरळ, मधे तेल पाजलेलं कापड. बोट आमच्याच कारखान्यातली, यात शंका नव्हती. इंजिन मात्र गायब.

"त्ये एका बागायतदाराच्या हिरीवर हाय," किसन म्हणाला. "हिरीला पानी न्हाई, तवा त्ये बी गप."

"आणि खुळखुळी का म्हणता?"

त्याने बोटीचं नाक दोन्ही हातांनी हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. "खिळा सुटला आसंल. कुनी बघितलंय!"

नाकावरची फळी कुजली होती, बदलायलाच हवी होती. ती उचकटून मी आत हात घातला. सुपारी. काळी, आटलेली, आपटून आपटून गुळगुळीत झालेली. ती मुठीत धरून मी वाळूत बसलो आणि मोठ्याने रडलो. मग दोघांना सगळं सांगितलं.

"घिऊन जावा, दादा," तान्हाबाई म्हणाली. "तुमच्या आईची हाय ती."

किसनने उघड्या पोकळीत वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सुपारी काडली म्हंजी नाव मोडीत निगाली का, पावनं? गंगंला पानी आलं की पलीकडच्या दवाखान्यात जायाला हीच हाय."

चालत्या कामातली सुपारी आमच्यात काढत नाहीत. मोडायचं असेल तरच काढतात. बोट चालत राहील, याच विश्वासाने विष्णूने ती टाकली होती.

फटींत सुताची दोरी ठोकली, वरून राळ भरली. नवी फळी सगळ्यात शेवटी बसवली. त्याआधी सुपारी होती तिथे ठेवली. किसनने नाक हलवून पाहिलं, कान लावला आणि मान डोलावली.

परत आलो तेव्हा आई दारातच होती. तिने हात पुढे केला.

"त्याचीच होती. पण आणली नाही," मी म्हणालो. "बोट मोडली नाही, दुरुस्त झाली. अजून चालणार आहे."

"कुठे?"

"गंगेवर."

हात तसाच पुढे धरून ती उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोचला तो."

ती न्हाणीत गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांनी ती विष्णूच्या नावाची आंघोळ करत होती. माझी बोटीतच होऊन गेली होती.