टाळ्यांना मनाई

मी तुमच्याकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आले होते, तेव्हा युरो नवाच होता आणि तुम्ही दोघं किंडरगार्टनमध्ये जायचात. तुमच्या बाबांची स्टुटगार्टला मीटिंग होती. मला त्यांनी लांडटागमध्ये, म्हणजे तिथल्या विधानसभेत, प्रेक्षकांच्या सज्जात बसवलं. शिपायानं बजावलं, "बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत."

शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्या खाली सभागृहाकडे टक लावून बसल्या होत्या. मोडक्या इंग्रजीत कुजबुजल्या, "आमच्या गावची बहिऱ्या मुलांची शाळा ठेवायची की नाही, ते आज ठरणार. माझी नात तिथे आहे. बंद झाली तर एवढ्याशा पोरीला लांब वसतिगृहात ठेवावं लागेल."

भाषणं संपेनात. एखादा आमदार हसला, की त्या दचकून विचारत, "हा का हसला असेल?" मला कुठे जर्मन येत होतं! पण मीही एकेकाचा चेहरा निरखू लागले.

अखेर मतदान झालं. अध्यक्षांनी निकाल वाचला आणि बाईंचे डोळे भरून आले.

"राहिली! शाळा राहिली!" त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं पसरून नुसतेच हलवले. शिपाई लगबगीनं आला, पण आवाजच नव्हता, तर रागावणार कशावरून? तो तसाच उभा राहिला.

"माझी नात अशाच टाळ्या वाजवते," बाई मला म्हणाल्या.

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि माझेही हात वर केले.