कड्याला गुंडाळलेली ट्यूब

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी माझ्या खुर्चीच्या चाकांवरच्या कड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. बायकोबरोबर केलेलं ते शेवटचं काम.

दुष्काळात शेळ्यांना पाला तोडायला मी कडुलिंबावर चढलो. वाळली फांदी वळखली नाही. पडलो, कमरेखालचा जीव गेला. शेळ्या विकल्या. शेंद्र्याकडच्या चराईवर कारखाने आले अन् आम्ही शहराच्या कडंला पत्र्याच्या खोलीत आलो. खुर्ची बायकोच ढकलायची. हातानं फिरवायला चाकाला लोखंडी कडं असतं, पण ते उन्हात तापायचं, घामानं हात सटकायचा. मी धरायचोच नाही.

अन् आता हिनं अचानक ट्यूब आणली. पंक्चरवाल्यानं फुकट दिली म्हणे. फुकट कोण देतं? त्यात अजिंठ्याहून तिच्या भावाचे सारखे फोन, अन् ही दाराबाहेर जाऊन बोलायची. माझ्या डोक्यात एकच, ही मला सोडून चालली.

"अगं, खरं सांग. भावाकडं चाललीस ना?"

"अवं, टोक धरा नीट. ढिली राहिली तर हात सोलंल."

"मग मला खुर्ची फिरवायला कशाला शिकवतीस?"

"टँकर आला की सगळी गल्ली पळती, अन् तुमी राजावाणी बसता म्हणून."

"अन् बाहेर जाऊन काय बोलतीस?"

"तुमच्यासमोर बोललं की तुमी मधीच तोंड घालता!"

गुंडाळून झाल्यावर तिनं मला गल्लीत काढलं. रबरानं हात धरला, खुर्ची चालली. मी मुद्दाम दमल्याचं सोंग केलं. याला जमत नाही म्हटल्यावर जायची नाही, असं वाटलं.

ती म्हणाली, "शेळ्या राखलेल्या बाईला लंगडायचं सोंग दाखवू नका."

रात्री झोपली ती उठलीच नाही.

भाऊ सकाळी आला. म्हणाला, "दाजी, ताईच्या छातीत कळ यायची. दवाखान्यात ने म्हणायची, पण तुमाला सांगू देत नव्हती." त्याचंबी मला पुरतं खरं वाटलं नाही.

तिला उचललं. भावानं मागून माझी खुर्ची धरली.

"हात काढ," मी म्हटलं.

"दाजी, पुढं चढ हाय."

"काढ म्हणलं ना."

अन् तिच्या मागं, दोन्ही चाकं रेटत, मी स्वतः गेलो.